परसातल्या खंड्यासाठी कॅमेरा: कमी बजेटमधल्या कॉम्पॅक्टची निवड

चिपळूणला राहणाऱ्या माझ्या भाचीला मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन द्यायचे ठरले, तेव्हा ती सातवीत होती. घरामागच्या परसात आणि सुपारीच्या बागेत जे काही उडते, रांगते किंवा घरटे बांधते, त्याची ती वहीत तारखेनिशी नोंद ठेवते, आणि त्या नोंदीशेजारी चिकटवायला तिला फोटो हवे होते. ताईची अट अशी होती की मुलीच्या हातात एवढ्यात मोबाइल द्यायचा नाही. भावोजींनी आठ हजारांची मर्यादा घातली. भाचीने स्वतःची अट एका वाक्यात सांगितली: "मावशी, तारेवरचा खंड्या ओळखू येईल एवढा मोठा दिसला पाहिजे."

पुढे जे काही पाहिले, तपासले आणि विकत घेतले, ते सगळे या तीन अटींवर घासून घेतले. स्वस्त कॅमेरा निवडताना बहुतेक जण खोक्यावरचा मेगापिक्सेलचा आकडा आधी वाचतात, आणि माझ्या मते फसगत तिथेच सुरू होते. या वर्गातल्या कॅमेऱ्यात खरी किंमत लेन्सला असते. झूम करताना ती लेन्स प्रत्यक्ष पुढेमागे सरकते का, ती हात हलण्याची भरपाई करते का, आणि कॅमेऱ्याला लागणारी बॅटरी आणखी चार वर्षांनीही मिळेल का, एवढ्या तीन प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली की बाकीचा तपशील दुय्यम ठरतो.

आमच्या नात्यातल्या एका घरी असाच एक नवाकोरा कॅमेरा होता. ऑनलाइन मागवलेला, नाव कधी न ऐकलेले, आणि खोक्यावर ४८ मेगापिक्सेल (म्हणजे ४ कोटी ८० लाख ठिपके), फोरके व्हिडिओ व १६ पट झूम असे ठळक छापलेले. तो आधी वापरून पाहावा म्हणून मी दोन दिवसांसाठी मागून आणला. कॅमेरा सुरू केल्यावर लेन्स जागची हललीच नाही, कारण काचेच्या मागे मोबाइलमध्ये असते तशी एक छोटी, स्थिर लेन्स बसवलेली होती. झूमचे बटण दाबले की पडद्यावरचे चित्र मोठे होई, पण ते मधला तुकडा कापून ताणलेले असे. हे गणित प्रत्येक खरेदीदाराने एकदा तरी करून पाहावे. १६ पट डिजिटल झूम म्हणजे रुंदीचा सोळावा आणि उंचीचाही सोळावा भाग, म्हणजे एकूण चित्राचा २५६ वा हिस्सा. ४८ मेगापिक्सेल अगदी खरे मानले, तरी हाती उरतात जेमतेम १ लाख ९० हजार पिक्सेल. शिवाय ते ४८ मेगापिक्सेलही खरे नसतात, कारण अशा कॅमेऱ्यांत मुळात कमी पिक्सेलचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) असतो आणि मधले ठिपके आतले सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. मी अंगणातल्या जास्वंदीचे फूल टिपून संगणकावर मोठे केले, तेव्हा पाकळीवरच्या शिरांच्या जागी मेण फासल्यासारखा सपाट लाल डाग दिसत होता, आणि फाईल मात्र भली मोठी होती. जाहिरातीत झूमच्या आकड्याआधी 'ऑप्टिकल', म्हणजे लेन्स सरकवून केलेला, हा शब्द नसेल, तर तो कॅमेरा तिथेच बाजूला ठेवावा, असे मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगते.

नामांकित कंपन्यांच्या साध्या कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणाऱ्या, कॅमेऱ्यांत बहुतेक ठिकाणी १/२.३ इंच म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो. नावात इंच असले तरी त्याची प्रत्यक्ष मापे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. महागड्या कॉम्पॅक्टमधला एक इंची सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो आणि त्याचे क्षेत्रफळ याच्या चौपट भरते. इतक्या लहान जागेवर १६ मेगापिक्सेल बसवले काय किंवा २० बसवले काय, डोळ्याला फरक दिसत नाही. चार बाय सहा इंचाचा उत्तम छाप काढायला सुमारे २२ लाख पिक्सेल पुरतात आणि पूर्ण ए-फोर आकारालाही ८७ लाखांच्या वर लागत नाहीत. त्यामुळे वहीत चिकटवण्याच्या फोटोंसाठी मेगापिक्सेलची चिंता आम्ही पहिल्याच दिवशी सोडून दिली.

अंधारात मात्र हा लहान सेन्सर खरोखर कमी पडतो, हे घेण्याआधी माहीत असलेले बरे. चांगल्या मोबाइलमधला मुख्य सेन्सर आता यापेक्षा मोठा असतो, आणि मोबाइल एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते एकत्र जुळवतो, म्हणून संध्याकाळच्या घरगुती फोटोत मोबाइलच सरस ठरतो. घरात चांगला मोबाइल असेल आणि तो हाताळायला हरकत नसेल, तर केवळ माणसांचे आणि सणासमारंभाचे फोटो काढण्यासाठी स्वस्त कॉम्पॅक्ट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लांबचे जवळ आणायचे असेल, किंवा मुलाच्या हाती इंटरनेट नसलेले साधन द्यायचे असेल, तरच या खर्चाला अर्थ आहे. आमच्याकडे दोन्ही कारणे होती.

नवे कॅमेरे शोधायला निघाल्यावर पहिली अडचण अशी आली की हा वर्ग दुकानांतून जवळजवळ नाहीसा झालेला आहे. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले गेले होते. २०२३ मध्ये ती संख्या ८० लाखांच्याही आत आली, आणि त्यांतले कॉम्पॅक्ट होते अवघे १७ लाख. नव्यामध्ये आम्हाला मुख्यतः कोडॅकचे नाव असलेले पिक्सप्रो मालिकेतले कॅमेरे दिसले. हे नाव जेके इमेजिंग या कंपनीने परवान्यावर घेतलेले आहे, मूळ कोडॅक कंपनी हे कॅमेरे बनवत नाही. एफझेड ४५ मध्ये १६ मेगापिक्सेल आणि ४ पट ऑप्टिकल झूम आहे आणि तो दोन एए सेलवर चालतो. एफझेड ५५ मध्ये ५ पट झूम आणि लिथियम बॅटरी आहे. दोन्ही फुल एचडी व्हिडिओ घेतात. एए सेलचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण ते सेल गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात आणि दहा वर्षांनीही मिळतील. फक्त साध्या सेलऐवजी पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल वापरावेत, कारण कॅमेरा एका झटक्यात बराच विद्युतप्रवाह ओढतो आणि साधे सेल तो ताण फार वेळ पेलत नाहीत. खंड्याच्या अटीसाठी मात्र ४ किंवा ५ पट झूम अपुरा होता, आणि आमच्या मर्यादेत नवा कॅमेरा बसतही नव्हता. म्हणून आम्ही सेकंडहँडकडे वळलो.

सेकंडहँडमध्ये निवड दोन कॅमेऱ्यांवर येऊन थांबली. कॅननचा इक्सस १८५ हा २०१७ साली आलेला २० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. त्याची लेन्स २८ ते २२४ मिलिमीटरची (हा आकडा जितका मोठा, तितके लांबचे जवळ दिसते), म्हणजे ८ पट झूमची, आणि बॅटरी बाहेर काढून भिंतीवरच्या चार्जरमध्ये लावायची सोय. सोनीचा सायबर-शॉट डब्ल्यू ८३० हा त्याहून जुना, २०१४ सालचा, २०.१ मेगापिक्सेलचा, २५ ते २०० मिलिमीटरच्या लेन्सचा, म्हणजे तोही ८ पटच. दोघांत वायफाय नाही, दोघांचा व्हिडिओ ७२० पिक्सेल उंचीचा, दोघांचा मागचा पडदा २.७ इंची आणि आजच्या डोळ्यांना खरखरीत वाटणारा. वजनेही जवळपास सारखीच, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कागदावर फरक जवळजवळ नाही, आणि तरीही मी डब्ल्यू ८३० च्या बाजूने ठाम होते, कारण त्याच्या लेन्समध्ये ऑप्टिकल स्थिरीकरण, म्हणजे हात हलण्याची भरपाई करण्याची सोय, आहे आणि इक्सस १८५ मध्ये ते नाही.

हा एकच मुद्दा एवढा महत्त्वाचा का, ते सांगायला हवे. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने २०० मिलिमीटरला फोटो काढताना शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून हळू पडले, की हाताची नैसर्गिक थरथर फोटोत दिसू लागते, असा जुना आणि उपयोगी ठोकताळा आहे. त्यातच या स्वस्त लेन्स झूम वाढवला की प्रकाश कमी घेतात. डब्ल्यू ८३० चे प्रकाश आत घेणारे छिद्र सुरुवातीला एफ ३.३ असते आणि पूर्ण झूमला एफ ६.३ होते (एफचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी), म्हणजे आत येणारा प्रकाश साडेतीन पटींहून अधिक घटतो. इक्सस १८५ मध्ये ही घट साडेचार पटींच्या वर जाते. प्रकाश कमी, म्हणून शटर हळू. झूम जास्त, म्हणून थरथर मोठी. आणि कॅमेरा बारा वर्षांच्या मुलीच्या हातात. सुपारीच्या बागेत तर दुपारीसुद्धा सावलीच असते. अशा वेळी लेन्समधली एखादी काच हाताच्या उलट दिशेने सरकून थरथर खाऊन टाकते, आणि दोनतृतीयांश फोटो वाया जाण्याऐवजी दोनतृतीयांश हाती लागतात. ज्यांना मुख्यतः घराजवळचे, सपाट उजेडातले फोटो हवे आहेत, त्यांनी खुशाल इक्सस घ्यावा. स्वतंत्र चार्जर ही त्याची सोय खरोखर चांगली आहे.

खरेदी मुंबईत, फोर्टमधल्या बोरा बाजारात केली. कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी ही गल्ली जुन्या काळापासून ओळखली जाते आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत काही मिनिटांत गाठता येते. अलीकडे तरुण मंडळींना सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांचे रंग आवडू लागल्यामुळे भाव वाढलेले आहेत आणि काही ठिकाणी 'सीसीडी' एवढ्या एका शब्दावर जास्त पैसे मागितले गेले. डब्ल्यू ८३० मध्येही सीसीडी आहे, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत असे मला वाटते. रंगांचा मोठा वाटा त्या काळच्या कंपन्यांनी आत बसवलेल्या प्रक्रियेचा असतो. उलट सीसीडीचा एक ठळक दोष आहे: चौकटीत सूर्य किंवा प्रखर दिवा आला की पडद्यावर आणि व्हिडिओत वरपासून खालपर्यंत एक उभी उजळ रेघ उमटते.

दुकानात मी स्वतःचे मेमरी कार्ड, एक पांढरा कागद आणि छोटी विजेरी घेऊन गेले होते. पहिल्या दुकानातल्या कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येताना करकरली आणि अर्ध्यावर क्षणभर अडखळली. वाळूचा एखादा कण त्या सरकत्या नळ्यांत शिरला की असे होते, आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो, म्हणून तो तिथेच ठेवला. दुसऱ्या दुकानात लेन्स आवाज न करता बाहेर आली. पांढऱ्या कागदाचा फोटो पूर्ण झूमवर घेऊन पडद्यावर मोठा करून पाहिला, तेव्हा कुठेही करडा ठिपका नव्हता, म्हणजे सेन्सरवर धूळ बसलेली नव्हती. मग विजेरी तिरकी धरून लेन्सच्या आत पाहिले. बुरशी असेल तर तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसतात. ते नव्हते. शेवटी बॅटरी काढून काचेच्या काउंटरवर आडवी ठेवली आणि बोटाने एका कोपऱ्यावर दाबली, तर ती तराजूसारखी डुलली. बॅटरी फुगलेली होती. दुकानदारांनी विनातक्रार दुसरी दिली, ती सपाट बसली. कॅमेरा, बॅटरी आणि केबल मिळून सहा हजार आठशे रुपये झाले. दुकानाच्या छापील बिलावर पंधरा दिवसांत बदलून देण्याचे लिहून घेतले.

आता एक पावसाळा उलटला आहे, त्यामुळे वापराबद्दल खात्रीने लिहिता येते. भाचीची अट आधी घेते. परसाच्या कडेने जाणारी विजेची तार स्वयंपाकघराच्या पायरीपासून दहा मीटरवर आहे आणि आपला नेहमीचा पांढऱ्या गळ्याचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटिमीटर भरतो. झूम न करता काढलेल्या फोटोत तो जेमतेम शंभर पिक्सेलचा निळसर ठिपका असतो. पूर्ण झूमला तोच चौकटीच्या रुंदीचा सहावा भाग व्यापतो, म्हणजे आठशे पिक्सेलच्या आसपास, आणि भोवतीचे आकाश कापून टाकले की त्याचा वहीत चिकटवण्याजोगा छाप निघतो. ऑगस्टमधल्या एका सकाळच्या फोटोत त्याची लाल चोच, तपकिरी डोके आणि चोचीत आडवा धरलेला सरडा इतका स्वच्छ आला आहे की सरड्याच्या शेपटीचा वाक मोजता येतो. त्या दिवशी पाऊस थांबून ऊन पडले होते, हेही सांगायला हवे.

जवळच्या वस्तूंसाठीही हा कॅमेरा चांगला आहे. लहान सेन्सरचा एक फायदा असा की जवळून काढलेल्या फोटोतही बराच भाग स्पष्ट राहतो. माठाच्या कडेवर बसलेल्या चतुराचे चारही पंख एकाच फोटोत स्पष्ट आले, आणि कुंभारीण माशीने खिडकीच्या चौकटीला लावलेल्या मातीच्या घरट्यावर तिच्या जबड्याचे ठसेसुद्धा दिसले. मात्र अशा वेळी झूम अजिबात करायचा नाही, लेन्स पूर्ण मागे ठेवूनच वस्तूच्या काही सेंटिमीटर जवळ जायचे. झूम केला की जवळचा फोकस बसत नाही आणि नवशिक्याला वाटते की कॅमेरा बिघडला.

बटण अर्धे दाबून फोकस बसू द्यायचा आणि मग उरलेले दाबायचे, ही सवय लागेपर्यंत पहिल्या आठवड्यातले उडत्या पाखरांचे सगळे फोटो रिकाम्या तारेचे आले. आता भाची तारेवरच्या पक्ष्यावर फोकस बसवून बटण अर्धे दाबलेलेच ठेवते आणि तो मान वळवण्याची वाट पाहते.

गणपतीच्या आरतीचे फोटो निराशाजनक आले. फ्लॅश बंद ठेवला तर टाळ वाजवणारे हात धूसर होतात आणि काळोख्या भागात रंगीत दाणे उमटतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ४०० च्या पुढे नेली की हे दाणे लपत नाहीत. फ्लॅश लावला तर दोन-अडीच मीटरपर्यंतची माणसे उजळतात आणि मागचे मखर काळे पडते. पावसात फ्लॅश लावला तर हवेतले थेंब पांढऱ्या गोळ्यांसारखे येतात. हे या वर्गातल्या सगळ्याच कॅमेऱ्यांचे आहे आणि कुठल्याही सेटिंगने ते पुरते जात नाही.

कोकणात कॅमेरा जपायचा म्हणजे दमटपणापासून जपायचा. जून ते सप्टेंबर आम्ही तो घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला, आणि जेलच्या दाण्यांचा रंग पालटला की पुड्या बदलल्या. चामड्याच्या किंवा कापडी पाकिटात बंद करून कपाटात ठेवणे सर्वांत वाईट, कारण तेच पाकीट ओल धरून ठेवते आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरावा. आमच्या विजेरीला लेन्समध्ये अजून काही दिसलेले नाही.

बॅटरीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण जुना कॅमेरा बहुधा तिच्यामुळेच अडगळीत जातो. डब्ल्यू ८३० ला एनपी-बीएन ही लहान लिथियम बॅटरी लागते आणि कंपनीच्या मापाप्रमाणे ती एका चार्जमध्ये सुमारे २१० फोटो देते. आमची वापरलेली बॅटरी दीडशेच्या आसपास देते. कॅमेऱ्यातच केबल लावून ती चार्ज करावी लागते आणि तेवढा वेळ कॅमेरा वापरता येत नाही, म्हणून दुसऱ्या महिन्यात एक जादा बॅटरी आणि बाहेरचा चार्जर घेतला. दोन्ही मिळून नऊशे रुपये झाले, आणि एकूण खर्च आठ हजारांच्या आत राहिला. हा खर्च पहिल्या दिवशीच बजेटमध्ये धरावा. बॅटरी बराच काळ काढून ठेवली तर कॅमेऱ्यातली तारीख पुसली जाते, आणि नोंदवहीसाठी तारीख हाच फोटोचा अर्धा जीव असल्यामुळे भाची दर रविवारी ती तपासते.

फोटो संगणकावर घेताना कार्ड काढून रीडरला लावतो. वायफाय नसल्याची उणीव ताईला तरी जाणवली नाही.

ज्या कामासाठी कॅमेरा घेतला ते त्याने केले आहे, आणि त्याची मर्यादाही आता नेमकी कळली आहे. घरासमोरच्या उंबराच्या शेंड्यावर तांबट पक्षी बसतो, पायरीपासून वीस मीटरवर. तो खंड्याहून बराच लहान, सतरा सेंटिमीटरचा. पूर्ण झूमलाही त्याचे अडीचशे पिक्सेलच मिळतात, त्यात कपाळावरचा लाल ठिपका कळतो पण डोळ्याभोवतीचे पिवळे एकमेकांत मिसळून जाते. त्याच्यासाठी याच्या तिपटीने लांब लेन्स लागेल, आणि तशा लेन्सचा कॅमेरा भाचीच्या फ्रॉकच्या खिशातही बसत नाही आणि आठ हजारांतही नाही. तोपर्यंत तांबटाच्या पानावर तिने पेन्सिलने चित्र काढले आहे.